इंचाला चोवीस आटे

सातपूरच्या आयटीआयमध्ये टर्नरला नंबर लागला, तेव्हा पहिल्याच दिवशी लेथ मिळेल अशा समजुतीत मी गेलो होतो. मिळाली ती कानस. लोखंडाचा ठोकळा व्हाइसमध्ये धरायचा आणि घासायचा. जेवून आलं की पुन्हा तोच ठोकळा. सर येऊन त्यावर गुण्या ठेवायचे, उजेडाकडे धरायचे आणि फटीतून उजेड दिसला की काही न बोलता ठोकळा परत हातात. महिनाभरात तळहातांना घट्टे पडले आणि एक खोड कायमची लागली. कुठे उंचवटा दिसला की तो घासून सपाट करावासा वाटतो. पुढे सातपूर एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये 34 वर्षं मी याच खोडीचा पगार घेतला. निवृत्तीनंतर एका सायकलीपायी त्याच खोडीने मला खाली मान घालायला लावली, त्याची ही हकिकत.

आमच्या पिढीला सायकलीचं कौतुक नव्हतं. पहिल्या पाळीच्या वेळी त्र्यंबक रोडवर सायकलींचा लोंढा असायचा. हँडलला डबा, कॅरिअरवर एखादा दोस्त, पावसाळ्यात डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. भोंगा व्हायच्या आत गेटात शिरायचं, एवढीच काय ती शर्यत. मग कुणी लूना घेतली, कुणी हप्त्याने स्कूटर. माझी काळी ॲटलस घराच्या मागे गंजत पडली आणि एक दिवस भंगारवाल्याने वजनावर नेली. मी वळूनही पाहिलं नाही.

आता त्याच रस्त्यावर रविवारी पहाटे रंगीत कपड्यांतली मंडळी माशीसारखा आवाज करत त्र्यंबककडे जातात. 2015 साली नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी अमेरिकेची या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत, सुमारे 4,800 किलोमीटरची, दोघांच्या संघात पूर्ण केली. दोन वर्षांनी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने केली. तेव्हापासून शहराला सायकलीचं वारंच लागलं. आमच्या ओळीतला एक इंजिनिअर पोरगा त्यातलाच. त्याची सायकल मी एकदा एका बोटावर उचलून पाहिली आणि घाबरून खाली ठेवली. त्यानेच देवळाली कॅम्पच्या एका पारशी बाईंना माझा पत्ता दिला. “काका, जुनी रेसिंग सायकल आहे. दुकानवाले हात लावत नाहीत. आटेच जुळत नाहीत म्हणतात.”

आटे म्हटल्यावर मी गेलो.

बंगल्याच्या मागच्या खोलीत जुन्या पलंगाला टेकून ती उभी होती. काळा ऑइलपेंट, तोही घराच्या खिडक्यांना लावतात तसा ब्रशने फासलेला. मागे जाड कॅरिअर, लुधियानाचं एकदाती फ्री-व्हील, हँडल मात्र एडक्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. बाई सत्तरीच्या. “मिस्त्री, ही पप्पांची. तरुणपणी मुंबई–पुणे रेसला गेले होते हिच्यावर. नंबर नाही आला. पण घाट एकदाही न उतरता चढले, असं सांगायचे.” सोबत बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला. आत ‘जाम-ए-जमशेद’च्या पिवळ्या पडलेल्या पानांत गुंडाळलेला गिअर, दात्यांच्या पाच चकत्यांचं फ्री-व्हील आणि मूठभर सुटे नटबोल्ट. गिअर काढला कशाला, विचारलं. म्हणाल्या, “गिअर घाटाला लागतो. देवळालीत कुठला घाट?”

मुंबईच्या पारशी तरुणांचं सायकलवेड फार जुनं. 1923 साली त्यांच्यातले सहा जण जगाला फेरी मारायला सायकलीवर निघाले होते आणि तिघे 1928 मध्ये फेरी पुरी करून परतलेही. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला भारताची सायकल तुकडी गेली, त्यातही पारशी नावं बरीच होती. बाईंचे वडील त्या नावांतले नव्हेत. नोकरी, लग्न, मग देवळालीला बदल हवा म्हणून आले आणि राहिले. बाईंची मागणी साधी होती. सायकल चकाचक करून द्या, व्हरांड्यात भिंतीवर टांगायची आहे. टांगण्यासाठी छर्रे कशाला बदलायचे, हा त्यांचा प्रश्न. फिरत नसेल तर ती सायकल कसली, हा माझा हट्ट. शेवटी पैसे त्या देणार आणि हट्ट मी करणार, असं ठरलं. ‘छोटा हत्ती’ टेम्पोतून सायकल सातपूरला आली.

पहिले आठ दिवस मी फक्त मोजमापं घेतली. टूलरूममध्ये काम ड्रॉइंगशिवाय सुरू होत नाही. इथे ड्रॉइंग नव्हतं, कंपनीचा बिल्ला नव्हता. पुढच्या नळीवर दोन रिकामी भोकं तेवढी होती. मग सायकलीलाच ड्रॉइंग मानायचं. पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या दांड्यावर थ्रेड गेज लावला, चोवीसची पात अचूक बसली. इंचाला 24 आटे, व्यास एक इंच. पायडलच्या ॲक्सलचा उजवा कप डाव्या आट्यांचा निघाला, म्हणजे काम इंग्रजी पद्धतीचं. इटालियन असती तर दोन्ही बाजूंचे आटे सरळ असते. उजव्या कपाला उलटे आटे का, हे पुष्कळ सायकलवाल्यांनाही ठाऊक नसतं. पायडल मारताना छर्रे गडगडत कपाला क्रँकच्या विरुद्ध दिशेने रेटत राहतात. सरळ आटे असतील तर कप हळूहळू सुटत येतो. मला हे माहीत होतं. तरीही पहिला जोर मी सवयीने उलट्याच बाजूला लावला आणि हातभर पाइप घातलेला पाना नडगीवर घेतला.

मागच्या चाकाच्या ॲक्सलवरचा लॉकनट साफ केला तर त्यावर ‘कॅम’ अशी अक्षरं आणि पुढे 61. कॅम्पाग्नोलो ही इटलीची कंपनी नटावर साल ठोकायची. म्हणजे हब 1961 चा. सायकल त्याच सालची असेलच असं नाही, चाकं बदलता येतात. पण गंमत पाहा, इंग्रजी चौकट, इटालियन हब आणि त्यावर लुधियानाचं फ्री-व्हील, तिघांचं भांडण नाही. कारण फ्री-व्हीलचे आटेही इंचाला 24 च. परदेशी माल मिळणं मुश्कील असलेल्या त्या काळात या एका योगायोगावर अशा किती सायकली चालत राहिल्या असतील!

सीटची दांडी ॲल्युमिनियमची, नळी पोलादाची. वर्षानुवर्षं घाम आणि पाऊस मुरून दोन्ही एकजीव झालेल्या. रॉकेल सोडलं, डिझेल सोडलं, चार दिवस वाट पाहिली. ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने गॅस दाखवतो म्हणून सांगितलं. त्याला कसंबसं आवरलं. तापवलं की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे आणखीच आवळतं. इथे उलटं करायला हवं होतं. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला, फोडून मीठ मिसळलं आणि दांडीच्या पोकळीत ठासून भरलं. तीस अंशांवरून उणे दहापर्यंत उतरवलं तर एवढ्या व्यासाला जेमतेम 12 मायक्रॉनची मोकळीक मिळते, हा हिशेब पाठीमागच्या भिंतीवर खडूने केला होता. केसाच्या जाडीच्या पावभागही नाही. पण टूलरूमच्या माणसाला 12 मायक्रॉन म्हणजे दरवाजा सताड उघडा. दांडीला पाना लावला, त्या इंजिनिअर पोराने चौकटीला मिठी मारली आणि मी पिळलं. कुत्रं केकाटावं तसा आवाज झाला आणि दांडी फिरली. त्या संध्याकाळी आमच्या घरी पोह्यांऐवजी श्रीखंड झालं.

दांडीचा व्यास 27.2 मिलिमीटर. नळी बाहेरून 28.6. वजाबाकी करा आणि दोनने भागा. नळीची भिंत पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने 1935 मध्ये बाजारात आणलेली 531 नावाची नळी या मापाची असे. टोकाला जिथे जोड येतो तिथे जाड आणि मध्ये पातळ. ताकद जिथे लागते तिथेच धातू ठेवायचा. हे कळल्यावर मी त्या सायकलीशी जरा अदबीने वागू लागलो. तिच्यावर खरं म्हणजे ते नाव लिहिलेलंही असणार. ते पुसलं मीच. काळा रंग थिनरने घासत होतो. खाली हिरवा लागला, त्याखाली फिकट आकाशी. हात जोरात चालला होता. बोळा उचलला तर त्यावर सोनेरी वर्ख, आणि नळीवर एका अक्षराची शेपटी. बोळा उजेडाकडे धरून मी बराच वेळ बसलो. बोळ्यावरून काही वाचता येत नाही. त्यामुळे ती सायकल कुणी बांधली हे आता कुणालाच कळणार नाही.

चूक झाली की माणूस पुढचं काम जास्त जोमाने करतो. मी कानस काढली.

चौकटीवर मागाहून केलेली बरीच कलाकुसर होती. कॅरिअरसाठी मागच्या नळ्यांवर पितळी डाग देऊन बसवलेले कान. आणि वरच्या आडव्या नळीच्या बरोबर मध्यावर, जिथे भिंत सगळ्यांत पातळ असते तिथे, कुणा वेल्डरने पितळेची दोन बोंडं झाळलेली. कशासाठी ते कळेना. पंप अडकवायला असावीत असं मी ठरवलं. त्या जागी आच देणं हाच मुळात गुन्हा. बोंडंही वेडीवाकडी, एक पुढे, एक मागे. 12 इंची बास्टर्ड कानशीने सुरुवात केली, मग स्मूथ, शेवटी पॉलिशपेपर. नळीला धक्का न लावता वरचं पितळ तेवढं उतरवायला दोन दिवस लागले. बोटाने चाचपलं तर काही लागत नव्हतं. आयटीआयच्या सरांनी गुण्या लावला असता तर उजेड दिसला नसता, इतकं सफाईचं काम. कॅरिअरचे कानही गेले.

मग दोरा बांधून चौकट तपासली. मागच्या एका खाचेतून दोरा काढायचा, पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणायचा आणि मधल्या नळीपासून दोन्ही बाजूंची अंतरं मोजायची. दोन मिलिमीटरचा फरक निघाला. साठ वर्षांच्या, घाटातून उतरलेल्या बाईला एवढा बाक चालतो.

रंगाच्या बाबतीत मी ऐकायला नको होतं. सगळे म्हणाले, पावडर कोटिंग कर, सातपूर-अंबडमध्ये पावलोपावली भट्ट्या आहेत, एका दिवसात मिळेल. मिळाली. कान धरून सांगितलं होतं की आट्यांना बूच लावा. लावलं नव्हतं. पायडलच्या ॲक्सलचे आटे, चिमट्याचे आटे, सगळीकडे दगडासारखी पावडर भाजलेली. शिवाय नळ्यांचे जोड ज्या नक्षीदार खोळींत बसवतात त्यांच्या कडा कारागिराने पातळ करून ठेवल्या होत्या, त्या पाकातून काढलेल्या जिलबीसारख्या गोल झाल्या. पावडर कोटिंग इलेक्ट्रिक पॅनेलला उत्तम, गेटला उत्तम. असल्या सायकलीला नाही, हे माझं स्पष्ट मत. खरवडून काढायला नऊ दिवस गेले. नंतर गाड्यांना रंग मारणाऱ्या एका म्हाताऱ्या पेंटरकडून पातळ हाताचा स्प्रे करून घेतला. रंग आकाशी. नमुना म्हणून पायडलच्या ॲक्सलखाली, केबलच्या क्लिपमागे उरलेला नखाएवढा जुना तुकडा दिला होता. त्याने चार वेळा रंग मिसळला आणि पाचव्यांदा न बोलता मान हलवली.

आट्यांत मात्र भाजलेली पावडर शिल्लक होती. 1.37 इंच व्यास, इंचाला 24 आटे, असा टॅप अख्ख्या सातपूरमध्ये कुणाकडे नाही. कारखान्यांना तो लागतच नाही. नवा करवून घ्यायचा तर सायकलीपेक्षा महाग. तेव्हा जुना झिजलेला कप घेतला. कप कडक केलेला असतो. कटिंग व्हीलने त्याच्या आट्यांवर चार आडव्या खाचा पाडल्या, त्यांच्या कडा तेलदगडावर धार लावून घेतल्या. झाला टॅप. डाव्या आट्यांसाठी एक, सरळ आट्यांसाठी एक. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल, पुन्हा अर्धा फेरा. खाचांतून पावडरीचा निळा भुगा बाहेर येत होता. इतकं समाधान पगारी कामात मला क्वचित मिळालं असेल.

पुढच्या हबने दमवलं. उघडलं तर प्रत्येक बाजूला 3/16 इंचाचे छर्रे, कुठल्याही सायकल दुकानात मिळतात ते. पण कोनावर जी घळ पडली होती ती या छर्ऱ्यांशी जुळेना. त्या हबला 7/32 चे छर्रे लागतात, हे इंजिनिअर पोराने मोबाइलवर शोधून दिलं. कधीतरी कुणीतरी, मिळाले ते भरून, सायकल चालती केली होती. त्याला मी नावं ठेवली. नंतर 7/32 च्या शोधात मुंबईला नागदेवीपर्यंत जावं लागलं, तेव्हा नावं मागे घेतली. कोन दोस्ताच्या जॉबवर्कच्या शेडमध्ये ईएन-31 चा बनवला. लेथवर कापला, लाल करून तेलात बुडवला, पॉलिश केला. चाक फिरवून सोडलं की व्हॉल्व्हच्या वजनाने ते मागेपुढे झुलत झुलत थांबायचं. आमच्या हिने झाडू बाजूला ठेवून ते दोनदा पाहिलं.

टायर ट्यूबसकट शिवलेले असतात तसले. रिमला कडा नाही, गमाने चिकटवायचे. बाई सांगत होत्या, पंक्चर झालं की पप्पा टायरची शिवण उसवून ट्यूबला ठिगळ लावायचे आणि शिवायला कॅम्पातल्या चांभाराकडे द्यायचे. जुने टायर तर बोटाने फाटत होते. नवे ऑनलाइन मागवले. त्या किमतीत आमच्या काळी दोन सायकली आल्या असत्या. गमाचे तीन हात दिले. हवा भरायला नाक्यावर गेलो, तर बारीक व्हॉल्व्ह पाहून कॉम्प्रेसरवाला म्हणाला, “काका, हे काय?” शंभर पाउंड भर म्हटल्यावर तो चार पावलं मागे सरकला.

गिअर बसवला, चेन घातली आणि बाईंना बोलावलं.

त्या रिक्षाने आल्या. सायकल अंगणात उभी होती, ऊन पडलं होतं, आकाशी रंग नुसता उजळला होता. मी हात पुसत बाजूला उभा. बाई काही वेळ लांबूनच पाहत राहिल्या. मग जवळ आल्या, हँडलला हात लावला आणि वरच्या नळीवरून तळवा फिरवत मध्यावर आणला. तिथे थांबवला. पुन्हा थोडा पुढे, पुन्हा मागे.

“इथे माझी सीट होती,” म्हणाल्या. “छोटी. पप्पांनी बसवून घेतली होती. शाळेत मला पुढे बसवून न्यायचे. दोन गोळे होते, पाय सारखा लागायचा त्यांना.”

मी म्हणालो, “होते. मी काढले.”

नळीची जाडी, मध्यावर आच देऊ नये, हे सगळं तोंडात आलं होतं. 0.7 मिलिमीटर सांगायला तोंड उघडलंही. बाईंनी मान हलवली, “असू दे, मिस्त्री. छान झाली.” आणि चहा घेतला, पैसे मोजून दिले. मी मजुरीचे परत केले. त्यांनी घेतले नाहीत. शेवटी मालाचे तेवढे ठेवून बाकीचे पाकीट त्यांच्या रिक्षावाल्याच्या शेजारी सीटवर ठेवून आलो.

रेसची सायकल म्हणून ती फार तर पाच-सहा वर्षं जगली असेल. काळ्या रंगाची, कॅरिअरची, एकदाती, पोरीला शाळेत सोडणारी सायकल म्हणून तीस वर्षं. मी पाच वर्षांची परत आणली आणि तीस वर्षांची दोन दिवसांत घासून टाकली. जमिनीवर पडलेला पितळेचा कीस तोवर कधीच झाडला गेला होता.

नेण्याआधी एकदा चालवून बघा, असं बाईच म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पपया नर्सरी मागे पडली, रस्ता रिकामा. अंजनेरीचा डोंगर ढगातून निम्मा बाहेर. चढ लागला तेव्हा गिअर टाकला, चेन एक खड्क करून मोठ्या चकतीवर चढली आणि पाय हलके झाले. अंजनेरी फाट्यावर चहा घेतला. वयाच्या मानाने मी बरा होतो, सायकल माझ्याहून बरी. परतताना वरच्या नळीवर नजर जायची. ती सपाट होती.

आता ती देवळालीत व्हरांड्यात टांगलेली आहे. महिन्यातून एकदा जाऊन मी हवा भरून येतो, नाहीतर टायर रिमवर चपटा होऊन तडकतो.

खाचा पाडलेले ते दोन कप मी तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवले आहेत. एक डावा, एक सरळ. नाशकात कुणाकडे अशी सायकल निघाली आणि आटे गेलेले असले, तर सातपूरला माझ्याकडे घेऊन या. फुकट साफ करून देईन. येताना ती ज्यांच्या घरातली असेल, त्यांना मात्र सोबत आणा.